पेनिसिलीन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनीच सांगितलं होतं, जंतू या औषधाला दाद देणं बंद करतील

११ डिसेंबर १९४५. दुसरं महायुद्ध संपून जेमतेम चार महिने झाले होते. स्टॉकहोममध्ये ६४ वर्षांचे एक स्कॉटिश डॉक्टर नोबेल पुरस्काराचं भाषण द्यायला उभे राहिले. त्यांच्या औषधाने युद्धात हजारो सैनिकांचे जीव वाचवले होते. वर्तमानपत्रं त्या औषधाला चमत्कार म्हणत होती.

अशा वेळी कुणीही आपल्या शोधाचं कौतुक सांगितलं असतं. या डॉक्टरांनी भाषणाच्या शेवटी धोका सांगितला. औषध अपुरं घेतलं तर जंतू मरणार नाहीत, उलट त्या औषधाला तोंड द्यायला शिकतील आणि मग तेच जंतू दुसऱ्या कुणाचा तरी जीव घेतील, असा त्यांच्या बोलण्याचा अर्थ होता.

हे डॉक्टर म्हणजे अलेक्झांडर फ्लेमिंग. पेनिसिलीनच्या शोधाची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत असते. बशीत बुरशी आली, जंतू मेले, जग बदललं. पण हा माणूस आयुष्यभर ज्या प्रश्नाच्या मागे होता, त्याची गोष्ट त्याहून बरीच मोठी आहे. जखमेतून रक्तात शिरलेले जंतू माणसाला कसे मारतात आणि औषधातून कसे सुटतात, हा तो प्रश्न.

शेतकऱ्याचा मुलगा, जहाज कंपनीतला कारकून

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ चा. स्कॉटलंडच्या एअरशायर भागात डार्वेल गावाजवळ लॉकफिल्ड नावाचं त्यांचं शेत होतं. ते सात वर्षांचे असताना वडील वारले. घरात भावंडं बरीच होती.

कोवळ्या वयातच ते लंडनला भावांकडे आले. थोडं शिक्षण झाल्यावर एका जहाज कंपनीच्या ऑफिसात चार वर्षं कारकुनी केली. काम कंटाळवाणं होतं. विसाव्या वर्षी एका काकांच्या वारशातून थोडे पैसे मिळाले आणि डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाच्या सल्ल्याने त्यांनी वैद्यकीय शिक्षण घ्यायचं ठरवलं.

१९०१ मध्ये पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलच्या कॉलेजात त्यांनी प्रवेश घेतला. हेच कॉलेज का? तर आधी या कॉलेजच्या संघाविरुद्ध ते वॉटर पोलो खेळले होते म्हणून. पुढे डॉक्टर झाल्यावर ते तिथेच राहिले, त्यालाही खेळच कारण ठरला. ते उत्तम नेमबाज होते आणि कॉलेजच्या रायफल क्लबला त्यांना सोडायचं नव्हतं. त्यामुळे त्यांना हॉस्पिटलच्याच जंतूशास्त्राच्या विभागात काम मिळालं.

या विभागाचे प्रमुख होते अल्मरॉथ राइट. टायफॉइडच्या लसीवरचं त्यांचं काम तेव्हा गाजलेलं होतं. भारतात येऊन त्यांनी ब्रिटिश सैनिकांना ही लस टोचली होती. शरीराची स्वतःची ताकद, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढवा, हे राइट यांचं सूत्र होतं. फ्लेमिंग यांच्या पुढच्या सगळ्या कामावर या विचाराची छाप राहिली.

कसिनोतली प्रयोगशाळा आणि सडणाऱ्या जखमा

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. राइट आणि फ्लेमिंग फ्रान्सच्या बुलोन शहरात गेले. तिथल्या एका कसिनोत लष्कराचं हॉस्पिटल उभं राहिलं होतं आणि त्यातच त्यांची प्रयोगशाळा होती.

आघाडीवरून येणाऱ्या सैनिकांच्या जखमा भयंकर असायच्या. बॉम्बच्या तुकड्यांबरोबर शेतातली माती आणि गणवेशाच्या कापडाचे तुकडे शरीरात खोलवर घुसलेले असायचे. गोळीतून वाचलेला सैनिक काही दिवसांनी गँगरीनने किंवा रक्तात जंतू पसरून मरायचा.

तेव्हाचा उपाय ठरलेला होता. जखमेत जंतुनाशक ओतायचं. फ्लेमिंग यांनी प्रयोग करून दाखवलं की खोल जखमेत त्याचा फायदा होत नाही, उलट नुकसान होतं. त्यांनी काचेची नळी तापवून तिला काट्यांसारखे फाटे काढले आणि खोल जखमेची प्रतिकृती बनवली. तिच्यात जंतू वाढवले आणि जंतुनाशक भरलं. वरचे जंतू मेले, पण फाट्यांच्या टोकाला लपलेले वाचले आणि पुन्हा वाढले.

दुसरी गोष्ट आणखी वाईट होती. जंतुनाशकामुळे जंतूंच्या आधी पांढऱ्या पेशी मरत होत्या. जंतूंशी लढणारं शरीराचं सैन्यच औषध संपवत होतं.

इथून फ्लेमिंग यांच्या डोक्यात एक कसोटी पक्की बसली. चांगलं औषध ते, जे जंतू मारेल आणि पांढऱ्या पेशींना धक्का लावणार नाही. याच काळात, डिसेंबर १९१५ मध्ये, त्यांनी सारा मॅकएलरॉय या आयरिश परिचारिकेशी लग्न केलं.

शेंबडापासून सुरुवात

१९२१ मध्ये फ्लेमिंग यांना सर्दी झाली होती. त्यांनी स्वतःच्याच नाकातला शेंबूड जंतू वाढवायच्या काचेच्या बशीत टाकून पाहिला. आजूबाजूचे जंतू विरघळून गेले.

शेंबडात, अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकात हा पदार्थ असतो, असं पुढे दिसलं. अश्रू मिळवायला प्रयोगशाळेतल्या लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळलं जायचं. या पदार्थाला लायसोझाइम हे नाव पडलं. तो पेशींना इजा करत नव्हता. अडचण एकच होती. माणसाला आजारी पाडणाऱ्या बहुतेक धोकादायक जंतूंवर तो चालत नव्हता. आपल्या शरीरात हे रसायन असताना जे जंतू आजार देऊ शकतात, ते त्याला पुरून उरलेलेच असणार.

सप्टेंबर १९२८

३ सप्टेंबर १९२८ ला फ्लेमिंग सफोकमधली सुट्टी संपवून प्रयोगशाळेत परतले. टेबलावर स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या बशांचा ढीग पडला होता. हा जंतू अनेकांच्या नाकात आणि त्वचेवर निवांत राहतो. जखमेतून आत गेला की गळू, हाडांचा संसर्ग आणि रक्तातला संसर्ग घडवतो. डॉक्टर त्याला थोडक्यात स्टॅफ म्हणतात.

एका बशीवर बुरशी आली होती. तिच्या भोवतीचे स्टॅफ विरघळत होते. फ्लेमिंग यांनी बशी फेकली नाही. त्यांनी बुरशी वेगळी वाढवली आणि तिच्या रसाची एकेका जंतूवर तपासणी केली. ७ मार्च १९२९ ला त्या रसाला पेनिसिलीन हे नाव दिलं.

निकाल त्यांच्या जुन्या कसोटीवर उतरणारे होते. रस पातळ केला तरी स्टॅफ मरत होता. घशाचा आणि बाळंतपणानंतरचा ताप देणारा स्ट्रेप्टोकॉकस मरत होता. न्यूमोनियाचे आणि घटसर्पाचे जंतू मरत होते. आणि पांढऱ्या पेशी शाबूत राहत होत्या.

पण टायफॉइडचे आणि आतड्यातल्या ई. कोलायसारख्या जंतूंवर त्याचा परिणाम होत नव्हता. म्हणजे सगळे जंतू या औषधाला बळी पडत नाहीत, हे शोधाच्या पहिल्याच शोधनिबंधात नोंदलेलं होतं.

मग लगेच औषध का आलं नाही? कारण तो रस शुद्ध करता येईना. तो काही दिवसांत निकामी व्हायचा. प्राण्याच्या शरीरात टोचला तर अर्ध्या तासात रक्तातून नाहीसा व्हायचा, आणि जंतू मारायला तर त्याला काही तास लागायचे. आजारी उंदरावर तो वापरून पाहण्याचा प्रयोग फ्लेमिंग यांनी केला नाही. पण बुरशी त्यांनी जपली आणि मागेल त्या प्रयोगशाळेला दिली.

ऑक्सफर्डची टीम आणि एक पोलीस शिपाई

पुढचं काम ऑक्सफर्डमध्ये झालं. हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी पेनिसिलीन शुद्ध करायची पद्धत शोधली. २५ मे १९४० ला आठ उंदरांना स्ट्रेप्टोकॉकसचा जीवघेणा डोस टोचला गेला. चार उंदरांना पेनिसिलीन मिळालं. ते चार जगले आणि बाकीचे चार रात्रीतच मेले.

ही बातमी वाचून फ्लेमिंग ऑक्सफर्डला पोहोचले. चेन यांना आश्चर्य वाटलं, कारण फ्लेमिंग केव्हाच वारले असतील अशी त्यांची समजूत होती.

१२ फेब्रुवारी १९४१ ला ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या ४३ वर्षांच्या पोलीस शिपायाला पेनिसिलीन देण्यात आलं. चेहऱ्यावरच्या जखमेतून स्टॅफ आणि स्ट्रेप्टोकॉकस शरीरभर पसरले होते. एक डोळा काढावा लागला होता. औषध सुरू होताच ताप उतरला, भूक लागायला लागली.

पण औषधच पुरेसं नव्हतं. त्यांच्या लघवीतून पेनिसिलीन काढून पुन्हा टोचलं जात होतं. पाचेक दिवसांत साठा संपला. वाचलेले जंतू पुन्हा वाढले आणि १५ मार्चला अलेक्झांडर यांचा मृत्यू झाला.

वर्षभराने, मार्च १९४२ मध्ये, अमेरिकेच्या न्यू हेवन शहरात अ‍ॅन मिलर या ३३ वर्षांच्या स्त्रीच्या रक्तात स्ट्रेप्टोकॉकस पसरला होता. गर्भपातानंतर महिनाभर ताप उतरत नव्हता. अमेरिकेतला जवळपास अर्धा साठा त्यांच्यासाठी वापरला गेला. एका दिवसात ताप उतरला आणि त्या नव्वदीपर्यंत जगल्या.

ऑगस्ट १९४२ मध्ये फ्लेमिंग यांनी स्वतः एक रुग्ण वाचवला. मेंदूच्या आवरणाला संसर्ग झालेल्या त्या रुग्णासाठी पेनिसिलीन फ्लोरी यांनी पाठवलं होतं. त्यानंतर वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. राइट यांनी टाइम्सला पत्र लिहून श्रेय आपल्या सहकाऱ्याला दिलं. फ्लेमिंग एकदम जगप्रसिद्ध झाले आणि ऑक्सफर्डच्या टीमचं नाव मागे पडलं. याची सल फ्लोरी यांच्या बाजूला बराच काळ राहिली. नोबेल मात्र फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून मिळालं.

औषधाआधीच तोडगा तयार होता

डिसेंबर १९४० मध्ये, म्हणजे अल्बर्ट अलेक्झांडर यांना पहिलं इंजेक्शन मिळण्याच्या आधी, चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी एक छोटा लेख छापला होता. काही जंतूंकडे पेनिसिलीन तोडून टाकणारं एंझाइम असतं, असं त्यात म्हटलं होतं. त्याला त्यांनी पेनिसिलिनेज असं नाव दिलं.

औषध अजून बाजारात यायचं होतं आणि त्यावरचा तोडगा जंतूंकडे आधीपासून होता. कारण पेनिसिलीन हे माणसाने बनवलेलं हत्यार नव्हतंच. मातीत बुरशी आणि जंतू लाखो वर्षांपासून एकमेकांशी लढत आहेत. त्या लढाईत बुरशीने हत्यार बनवलं, तशी काही जंतूंनी ढाल बनवली.

हे लक्षात घेतलं की नोबेल भाषणातला इशारा नीट समजतो. प्रयोगशाळेत जंतूंना पेनिसिलीनचा अपुरा डोस दिला तर ते त्याला सरावतात, हे फ्लेमिंग यांना माहीत होतं. एक दिवस हे औषध दुकानात कुणालाही विकत मिळेल आणि लोक ते अंदाजाने घेतील, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली.

त्यासाठी त्यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. घसा दुखणारा एक माणूस स्वतःच पेनिसिलीन आणून थोडंसं घेतो. त्याच्या घशातला स्ट्रेप्टोकॉकस मरत नाही, औषधाला सरावतो. तोच जंतू बायकोला न्यूमोनिया देतो. तिच्यावर औषध चालत नाही आणि ती मरते. या मृत्यूला जबाबदार तिचा नवराच, असं फ्लेमिंग यांनी श्रोत्यांना पटवून दिलं.

मेरी बार्बर यांनी मोजलेले आकडे

फ्लेमिंग यांची भीती किती लवकर खरी ठरली, हे लंडनच्याच हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये दिसलं. तिथल्या जंतूशास्त्रज्ञ मेरी बार्बर रुग्णांमधले स्टॅफ तपासत होत्या. १९४६ मध्ये त्यातले सुमारे १४ टक्के पेनिसिलीनला दाद देत नव्हते. १९४७ मध्ये हा आकडा ३८ टक्के झाला आणि १९४८ मध्ये ५९ टक्के. फक्त दोन वर्षांत अर्ध्याहून जास्त स्टॅफ हातातून निसटले होते.

बार्बर यांच्या कामातून आणखी एक गोष्ट समोर आली. एकेका रुग्णाच्या शरीरात जंतू नव्याने औषधाला सरावत होता, असं चित्र नव्हतं. पेनिसिलिनेज बनवणारे थोडेसे स्टॅफ आधीपासून होते. हॉस्पिटलमध्ये पेनिसिलीन सर्रास वापरलं गेल्यावर बाकीचे मेले आणि या थोड्यांना मोकळं रान मिळालं. मग ते एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरत गेले.

म्हणजे धोका फ्लेमिंग यांनी अचूक ओळखला होता, पण त्यांच्या गोष्टीतले दोन तपशील वेगळे निघाले. त्यांनी घरातल्या अपुऱ्या डोसवर बोट ठेवलं होतं. प्रत्यक्षात मोठा वाटा हॉस्पिटलमधल्या भरमसाट वापराचा आणि न धुतलेल्या हातांचा होता.

दुसरा तपशील जंतूचा. त्यांच्या गोष्टीतला घसादुखीचा स्ट्रेप्टोकॉकस आजही पेनिसिलीनने मरतो. निसटला तो स्टॅफ, ज्याच्या बशीत पेनिसिलीनचा शोध लागला होता.

ब्रिटनने १९४७ मध्ये कायदा करून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पेनिसिलीन विकायला बंदी घातली. पण त्या काळात पेनिसिलीनची मलमं, चघळायच्या गोळ्या, अगदी टूथपेस्टसुद्धा निघाली होती.

शेवटची वर्षं

१९४४ मध्ये फ्लेमिंग यांना सर हा किताब मिळाला होता. नोबेलनंतर देशोदेशी त्यांचे सत्कार झाले. १९४९ मध्ये पत्नी साराचं निधन झालं. १९५३ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेतल्या सहकारी, ग्रीक डॉक्टर अमालिया यांच्याशी दुसरं लग्न केलं. ११ मार्च १९५५ ला लंडनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांच्या अस्थी आहेत.

त्याच वर्षी पुण्याजवळच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात पेनिसिलीनचं उत्पादन सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिलेला हा भारतातला पहिला सरकारी अँटिबायोटिक कारखाना. परदेशातून येणारं महाग औषध इथे बनू लागलं.

फ्लेमिंग यांच्यानंतर काय झालं?

१९५९ मध्ये मेथिसिलीन हे नवं औषध तयार झालं. पेनिसिलिनेजला ते तुटत नव्हतं. आता स्टॅफचा बंदोबस्त झाला असं वाटलं. १९६१ मध्येच ब्रिटनमध्ये मेथिसिलीनलाही न जुमानणारे स्टॅफ सापडल्याची नोंद झाली. आज आपण त्यांना एमआरएसए म्हणतो. रक्तातल्या संसर्गाचं हे जगभरातलं मोठं कारण आहे.

२०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेल्या जुन्या एमआरएसए नमुन्यांचे जनुक वाचले. तेव्हा कळलं की मेथिसिलीनपासून वाचवणारं जनुक या जंतूंनी १९४० च्या दशकाच्या मध्यालाच मिळवलं होतं. मेथिसिलीन तेव्हा अस्तित्वातही नव्हतं. पेनिसिलीनच्या बेसुमार वापरातच पुढच्या औषधाचा पराभव शिजत होता.

ज्या ई. कोलायवर पेनिसिलीन सुरुवातीपासून चाललं नाही, तो आणि त्याचा नातेवाईक क्लेबसिएला आज भारतातल्या आयसीयूंमध्ये रक्तात सापडतात. त्यातल्या अनेकांवर कार्बापेनेमसारखी राखीव औषधंही चालत नाहीत, कारण ती तोडणारी एंझाइम्स त्यांच्याकडे असतात. लॅन्सेटमध्ये २०२२ साली आलेल्या अभ्यासानुसार, औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ मध्ये जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले.

मग आपण काय करायचं?

सर्दी आणि फ्लू व्हायरसमुळे होतात, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. घसा दुखला म्हणून मेडिकलमधून दोन गोळ्या आणल्या तर आपल्या आतड्यातल्या आणि त्वचेवरच्या जंतूंनाही ते औषध भेटतं. त्यातले तग धरणारे मागे उरतात.

किती दिवस औषध घ्यायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं. कित्येक आजारांत कमी दिवसांचा कोर्स पुरतो, असं आताचे अभ्यास सांगतात. त्यामुळे स्वतःच्या मनाने औषध मध्येच सोडू नये आणि उरलेली पट्टी पुढच्या तापासाठी ठेवूही नये.

भारतात २०१४ पासून अनेक अँटिबायोटिक्स एच-वन यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांची नोंद ठेवावी लागते. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पुढच्या वेळी मेडिकलमध्ये गेलात की पट्टी उलटून ती रेघ आहे का, एवढं नक्की बघा.